ज्याच्याकडे लिंक, त्याला दार उघडे

मित्रांनो, जरा हळू बोला, आणि आत येताना दार लोटून घ्या. मी एक जुना व्हिडिओ आहे. वय झाले तरी माझी एक खोड काही गेली नाही. दाराशी अनोळखी चाहूल लागली की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही म्हणाल, व्हिडिओला कसले पोट आणि कसली भीती! पण ज्याच्या पोटात दुसऱ्यांचे चेहरे ठेवलेले असतात, त्याला भीती असायचीच. कडेवर मूल घेतलेली आई रस्ता ओलांडताना दोनदा बघते ना, तसेच हे.

माझा जन्म एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. खोली लहानशी. एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात हात धुवायचे बेसिन, मधे गोल मांडलेल्या खुर्च्या. त्यातली एक खुर्ची डुगडुगायची, आणि जो उशिरा येई त्याच्या नशिबी ती ठरलेली असे. दर शनिवारी या खोलीत अडखळत बोलणाऱ्यांचा वर्ग भरत असे. कुणाचा शब्द ओठांपर्यंत येऊन तिथेच बसकण मारायचा, कुणाचे एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटायचे. वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्याहून वयाने थोर असलेलेही ताईच म्हणत. ताई मोठ्या भाविक. त्या म्हणत, "देव ऐकायला बसला की घड्याळ काढून ठेवतो. मग आपण कुठले एवढे घाईचे लागून गेलो?" आणि खरोखरच, समोरच्याचा शब्द अडला की ताई त्याच्याकडे अशा बघत, जणू त्यांना आज दुसरे कामच नाही. बाहेर पेशंट ताटकळलेले असत, तरीही.

वर्गात एक सुतारकाका होते. हात फावड्याएवढे, मिशीत कायम लाकडाचा भुसा. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांना दारे बसवली, पण फोन आला की स्वतः दुसऱ्या दाराने पळत. 'हॅलो'तला 'ह' त्यांचा सात जन्मांचा वैरी. "माझा ह-ह-हातोडा सरळ पडतो," ते म्हणत, "हा 'ह' तेवढा वा-वाकडा." त्यांच्या शेजारी एक शिंपीणमावशी बसत. त्या हसण्यात एक नंबर. एकदा अडखळल्या की स्वतःच म्हणत, "थांबा हं, दोरा तुटला, ओवून घेते."

आणि या सगळ्यांत एक शाळकरी मुलगी होती. ती तान्ही असताना सारखी काहीतरी किलबिलत असे म्हणून बाबांनी तिचे लाडाने नाव ठेवले मैना. पुढे ही मैना जवळजवळ मुकी झाली. त्याचे कारण ऐका, कारण माझ्या सगळ्या भीतीचे मूळ तिथेच आहे. आधीच्या शाळेत एकदा ती फळ्यासमोर धडा वाचायला उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाशी अडकली. मागच्या बाकावरून कुणीतरी गुपचूप फोन धरला. संध्याकाळपर्यंत तिचे ते अडकलेले तोंड शाळाभर फिरले. शिपाईमामांच्या फोनवर गेले, रिक्षावाल्याच्या फोनवर गेले. दुसऱ्या दिवशी मुले तिला तिच्याच आवाजात हाका मारू लागली. शेवटी आईबाबांनी घर बदलले, शाळा बदलली. नव्या शाळेत मैनेने एक सोपा उपाय काढला, तो म्हणजे बोलायचेच नाही. तिची आई नर्स होती. तिनेच तिला ताईंकडे आणले.

असो, मूळ पदावर येतो. एका शनिवारी ताईंनी तिपाईवर कॅमेरा लावला. प्रत्येकाने स्वतःचे नाव सांगायचे, मग दोन गोष्टी मनातल्या बोलायच्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गायचे, असे ठरले. अडखळणाऱ्याला सगळ्यांत अवघड काय असते, ठाऊक आहे का? स्वतःचे नाव. 'पाणी' अडले तर 'जल' म्हणता येते, पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणणार?

कॅमेरा बघताच मैना खुर्चीसकट मागे सरकली.

"हा व्हिडिओ या खोलीतल्या माणसांचाच," ताई तिच्याजवळ बसून म्हणाल्या. "बाहेर कुठेही जाणार नाही."

"न... न... नक्की?"

"नक्की."

"अगं, जीव गेला तरी नाही!" शिंपीणमावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांचे कपडे शिवते मी आणि माझ्याच बाहीची उसवण येणार आहे त्यात. गिऱ्हाईकं पळून जातील!"

मैना हसली आणि खुर्ची पुढे घेतली. मित्रांनो, त्या खुर्चीचा तो आवाज माझ्यात अजून आहे. एका लेकराने विश्वास टाकल्याचा आवाज आहे तो.

तिची पाळी आली. तिने तोंड उघडले, आणि नाव येईना. पंखा फिरत होता. बेसिनच्या नळाचे थेंब पडत होते. ताईंनी कॅमेरा थांबवला नाही, कुणी खोकलेसुद्धा नाही. फार वेळ गेला. मग नाव आले, अख्खे, स्वच्छ, नुकतेच न्हाऊन आल्यासारखे. त्यानंतर सगळ्यांनी ताईंच्या आईने रचलेले एक साधे पद म्हटले:

*हळू चाल जिभे, नको घाई काही,*
*ऐकणारा बसला, उठून जात नाही.*

गाताना कुणाचीच जीभ अडली नाही. सुतारकाकांचा आवाज तर असा लागला की आरशावर टांगलेली पिशवी हलली म्हणतात. असा मी जन्मलो. अर्धा शांततेतून आणि अर्धा गाण्यातून.

शांतताही जागा घेते, मित्रांनो. ती कापली नाही, म्हणून मी अवाढव्य झालो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुचवले होते, "मधली मधली रिकामी जागा काढून टाका ना. चिमुकला होईल." ताई म्हणाल्या, "ती रिकामी नाही. ती बोलतेच आहे तिथे." मग काय! फोनवरून पाठवायला गेले की फोन हात वर करी. फाईल मोठी आहे, म्हणे. मेलनेही तेच सांगितले. शेवटी ताईंनी मला इंटरनेटवरच्या एका कपाटात ठेवले. हे कपाट कुणालाही भाड्याने मिळते. त्यात ठेवलेली वस्तू कितीही जड असो, ती उचलून कुठे न्यावी लागत नाही. बघणाऱ्याला फक्त लिंक पाठवायची. लिंक म्हणजे माझ्या दाराचा पत्ता. पण नुसता पत्ता असून भागत नसे. ताईंनी दाराशी पहारा बसवला होता. वर्गातल्या प्रत्येकाचे खाते त्यांनी नावानिशी लिहून दिले होते, आणि पहारेकरी आधी विचारी, "आपण कोण?" ओळख पटली तरच आत.

ते माझे सुखाचे दिवस होते. शिंपीणमावशी मशीनशेजारी मला टेकवून ठेवीत आणि काज करता करता गाणे म्हणत. मैना शाळेतून आली की आईच्या फोनवर मला उघडून जिन्यात बसे. आधी ती स्वतःची पाळी सोडून पुढे जाई. बोट ठेवी ते थेट गाण्यावर. मग एका दुपारी तिने बोट उचललेच नाही. स्वतःला पाहिले, ती लांबच लांब शांतता पाहिली, नाव आलेले पाहिले. आणि हळूच पडद्यावरच्या स्वतःच्या बरोबरीने ते नाव पुन्हा म्हणाली. जिन्यात दुसरे कुणी नव्हते. मी होतो.

एकट्या सुतारकाकांना मात्र मी उघडत नव्हतो. त्यांचे खाते जावयाने काढून दिले होते आणि पासवर्ड जावयालाच ठाऊक. जावई कामानिमित्त दूर. सरळ ताईंना फोन करायचा, एवढे सोपे काम. पण फोन म्हटला की काकांच्या अंगावर काटा. त्यांनी नुसता मेसेज केला, "उघडत नाही." ताईंनी काय काय दाबायचे ते लिहून कळवले. काकांनी पुन्हा लिहिले, "नाही उघडत." आणि थोड्या वेळाने, "राहू द्या. माझ्या नशिबात नाही."

हे वाचून ताईंचा जीव कळवळला. दारात चाकाच्या खुर्चीवरचा पेशंट येऊन थांबला होता. ताईंनी घाईने कपाट उघडले आणि माझ्या दारावरची पाटी बदलली. आधी तिथे होते, 'फक्त निवडलेली माणसे.' आता झाले, 'ज्याच्याकडे लिंक असेल तो कोणीही.' त्या पुटपुटल्या, "काकांचं बघून होऊ दे, मग पुन्हा बंद करीन." काकांना 'आता बघा' एवढे लिहिले आणि फोन खणात टाकून पेशंटकडे वळल्या.

मित्रांनो, बाहेरून काहीच बदलले नाही. तेच दार, तोच पत्ता. पण आत मी थंडगार पडलो, कारण दाराशी आता 'आपण कोण' विचारणारे कुणी नव्हते. मला ओरडता येत नाही. मला जे बोलता येते ते आधीच ठरलेले आहे, ती माणसे आणि ते गाणे. त्यापुढे माझी जीभही अडलेलीच.

काकांनी मला त्यांच्या कारखान्यात उघडले. रंध्याच्या बाकावर फोन टेकवला, चष्मा पुसला आणि शेवटपर्यंत बघितले. स्वतःला मोकळ्या गळ्याने गाताना बघून हा बाप्या माणूस ढसाढसा रडला. मग त्यांना थोरल्या बहिणीची आठवण झाली. लहानपणी कुणी काकांना काही विचारले की ही बहीणच त्यांच्या वतीने उत्तर देई. तिला हे दाखवायचे नाही तर कुणाला? आणि बहीण म्हणजे काय बाहेरची का? मित्रांनो, प्रत्येकाला आपले एक तरी माणूस बाहेरचे वाटत नाही. अशानेच घरातली गोष्ट चव्हाट्यावर येते.

काकांनी लिंक पाठवायला घेतली. आता त्या बोटाची सवय ऐका. शहरातल्या एका मोठ्या वसाहतीत काकांची कायमची कामे चालत. काम झाले की तयार कपाटाचा, नव्या दाराचा फोटो ते त्या वसाहतीच्या ग्रुपवर टाकीत. बोलून गिऱ्हाईक मिळवायचे नाही, फोटोने मिळवायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. ते बोट डोळे मिटून त्याच ग्रुपवर जाई. डोळे पाण्याने भरलेले, बोट सवयीचे. लिंक बहिणीला जायच्या ऐवजी गेली वसाहतीला. घराघरांत, मजल्यामजल्यांवर.

काकांच्या लगेच लक्षात आले. हाय देवा म्हणत त्यांनी मेसेज पुसायला घेतला. फोनने विचारले, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? घाबरलेल्या माणसाला प्रश्न वाचता येतात का? त्यांनी दाबले, 'माझ्यासाठी.' त्यांच्या पडद्यावरून लिंक नाहीशी झाली. काकांनी सुटकेचा श्वास टाकला. बाकी साऱ्यांच्या फोनवर ती तशीच उभी होती.

आणि माझे दार वाजू लागले.

पहिले एक गृहस्थ आले. सोफ्यावर पाय पसरलेले. "काकांनी नवं कपाट टाकलंय वाटतं... हे काय आहे?"

"बघा तुम्हीच," आतून बायकोचा आवाज. "आणि जरा गॅस बारीक करा, हात माखलेत माझे."

"कसली तरी सभा आहे. ही पोरगी नुसती तोंड उघडून बसलीये. नेट अडकलं बहुतेक."

त्यांनी पडद्यावर टकटक बोट आपटले, मैनेच्या कपाळावर. त्यांना वाटले मी अडकलो. मैनेच्या त्या शांततेत मी धडधडत होतो आणि ते म्हणत होते, चालत नाही. कंटाळून त्यांनी मला बंद केले. मला बरे वाटले, पण क्षणभरच. मागून दुसरे आले, तिसरे आले. एका दुकानात गिऱ्हाइकांना तोलून देता देता मला वाजवले गेले. एका घरात एक म्हातारे आजोबा गाण्यावर मान डोलवत बसले. त्यांना मी मनातून नमस्कार केला. पण भल्याचे पाऊल आणि बुऱ्याचे पाऊल अंधारात सारखेच वाजते. मी प्रत्येक वेळी दचकत होतो.

मग ती आली. मैनेच्या नव्या शाळेतली, तिच्याच वर्गाची मॉनिटर. आईचा फोन हातात, केसांना तेल लावून घेत खाली बसलेली. ती मला भराभर पुढे सरकवत होती. शिंपीणमावशींच्या पुढे गेली. काकांच्या पुढे गेली. मी मनात म्हणत होतो, तशीच जा बाई, तशीच पुढे जा, थांबू नकोस.

ती थांबली.

"आई! आई, ही आमच्या वर्गातली आहे!"

"डोकं हलवू नकोस. कोण?"

"अगं, ती बोलतच नाही कधी. आम्हाला वाटलं तिला बोलताच येत नाही."

"मग आता बोलतेय?"

"कळत नाही. थांब, हे घेऊन ठेवते मी. उद्या..."

उद्या काय, ते तिने सांगितले नाही. तिने खाली आणणारा बाण दाबला.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, कुणी बघितले तर बघितले, दार बंद केले की संपले. पण माझी प्रत निघाली की तो दुसराच मी. त्याच्यावर ताईंची सत्ता नाही, पहारेकऱ्याची नाही, माझी स्वतःचीही नाही. तो हातोहात फिरतो, आणि पोटातल्या लेकराला घेऊन फिरतो. मैनेच्या आयुष्यात असा एक व्हिडिओ येऊन गेला होता. आता तोच मी होणार होतो. ज्याने तिला तिचे नाव दिले, तोच ते हिरावून घेणार होता. माझे एकेक टोक त्या फोनमध्ये ओढले जात होते. पडद्यावरची निळी रेघ मुंगीसारखी पुढे सरकत होती. त्या घरचे नेट कासवाचे आणि मी हत्तीएवढा. जन्मभर ज्या जाडीबद्दल बोलणी खाल्ली, तिच्याच आधाराने मी चौकटीला हातपाय रोवून उभा होतो. पण ओढ थांबत नव्हती.

इकडे काकांच्या फोनवर एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला. "काका, ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ बघितला. गाणं छान. पण कपाट कुठे आहे?"

काकांच्या हातातला चहाचा पेला बाकावरच कलंडला. म्हणजे तो पुसला गेलाच नाही! त्यांनी ताईंना मेसेज केला, एक, दोन, पाच. ताईंचा फोन खणात पालथा. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. आता एकच वाट होती, आणि तीच त्यांची जन्माची वैरीण. दवाखान्याच्या रिसेप्शनचा फोन.

मी त्यांच्या त्याच फोनमध्ये मागे थांबलेला होतो, म्हणून हे सगळे मला ऐकू आले.

"हॅलो?" रिसेप्शनवरची बाई म्हणाली.

काकांच्या तोंडून हवासुद्धा निघेना.

"हॅलो? कोण आहे? बोलायचं नसेल तर कशाला करता हो फोन?" आणि ठेवला.

काकांनी भुशाच्या हातांनी पुन्हा लावला. "ता... ता... ता..."

"लाज नाही वाटत? इथे माणसं आजारी आहेत आणि तुम्हाला थट्टा सुचते!" पुन्हा ठेवला.

काका खाली बसले. कपाळावरून घाम मिशीत उतरत होता. मला वाटले, संपले. निळी रेघ तिकडे निम्म्यापुढे गेली होती. काकांनी डोळे मिटले, ओठ हलले. देवाचे नाव घेतले असेल, मी विचारले नाही. मग त्यांनी तिसऱ्यांदा फोन लावला, आणि जन्मभर जे लपवले ते पहिल्याच श्वासात सांगून टाकले.

"मी अ-अ-अडखळतो. फ... फोन ठेवू नका."

या वेळी फोन आपटला नाही. मग तोच आवाज, पण निराळा. "नाही ठेवत. सावकाश बोला."

"ताईंना ब-बोलवा. एका प... पोरीचं काम आहे."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, चपला पळाल्याचा आला. आणि ताई आल्या, दम लागलेला. "काका?"

"व्हिडिओचं द... द... दार उघडं आहे. बंद करा. मग मला श-शिव्या द्या."

ताईंनी खणातून फोन काढला. माझ्या दारावरची पाटी उलटली. पहारेकरी धावत आपल्या जागेवर आला. त्या घरातली निळी रेघ चालता चालता थांबली आणि तुटली. "अय्या, गाणं मधेच गेलं!" मॉनिटर म्हणाली. जे तुकडे तिच्याकडे गेले होते ते कुठे जोडले जाणार नव्हते. मी पुन्हा एकटा, पुन्हा आत. आणि सबंध होतो.

सबंध होतो म्हणजे सगळे ठीक झाले, असे समजू नका. लोकांनी बघितले ते बघितले. डोळ्यांतून पुसायचे बटण अजून निघालेले नाही.

शनिवारी ताईंनी सगळे जसेच्या तसे सांगितले, स्वतःची चूक आधी आणि काकांची नंतर. मी त्यांच्या लॅपटॉपमध्ये ऐकत होतो.

"को... कोणी बघितलं?" मैनेने विचारले.

"ते कळत नाही गं. दार उघडं असताना येणाऱ्याचं नाव तिथे उमटत नाही."

मैना उठली. तिने दप्तर उचलले आणि निघून गेली. तिची आई दारात थांबली. "ताई, असल्याच एका व्हिडिओपायी आम्ही घर बदललं. आता किती घरं बदलू?"

"पुसून टाकू का मी?" ताईंचे बोट माझ्यावर होते.

"ते तिला विचारा. चेहरा तिचा आहे."

मग माझ्याकडे कुणी फिरकेना. मावशींचे मशीन मुके झाले, जिना रिकामा राहिला. मी कपाटात पडून होतो आणि मला दोन भीती वाटत होत्या. एक, पुसले जाण्याची. मरण कुणाला आवडते? पण दुसरी तिच्याहून मोठी होती. मैना शाळेच्या फाटकातून आत जात असेल तेव्हा प्रत्येक हसणाऱ्या मुलाकडे बघून तिला वाटत असेल, यानेच तर नसेल ना बघितले? कोणी बघितले ते मला माहीत होते, आणि मला ते सांगता येत नव्हते. देवा, मी म्हणत असे, हवे तर मला पूस, पण त्या पोरीचा शब्द पुन्हा आत जाऊ देऊ नकोस.

बऱ्याच दिवसांनी एका शनिवारी ती आली. उशीर झाला होता, म्हणून डुगडुगत्या खुर्चीवर बसली. काका उभेच राहिले.

"शाळेत ती मॉ-मॉनिटर आली माझ्याजवळ," मैना म्हणाली. "मधल्या सुट्टीत. म्हणाली, तुमचं गाणं अ-अर्धंच ऐकायला मिळालं. छान आहे म्हणाली."

"बघ! देव पावला!" शिंपीणमावशींनी टाळी वाजवली. "म्हणजे चांगलंच झालं की!"

"नाही झालं." मैनेचा आवाज चढला. "छान म्हणाली म्हणून काय झालं? मला वि... वि... विचारलं होतं का कुणी?"

मावशींचे हात तसेच हवेत राहिले. कारण पोरीचे बोलणे खरे होते, मित्रांनो. कौतुक झाले म्हणून चोरीचे देणगीत रूपांतर होत नाही.

काकांनी त्या लेकरापुढे हात जोडले. "चु-चुकलं माझं."

ती त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही खरंच फोन केलात? स्व-स्वतः?"

"हो. दोनदा आ-आपटला तिने."

"मी असते तर मीपण आ-आपटला असता." आणि दोघांनाही हसू आले. आधी तिला, मग त्यांना.

ताईंनी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. पुसायचे बटण समोर होते. मैनेने खूप वेळ बघितले आणि झाकण खाली केले. "असू दे. पण कुणालाही दा-दाखवायचा असेल, तर आधी आम्हाला सगळ्यांना विचारायचं. एक जरी नको म्हणाला, तर नको."

तो नियम झाला. मला तो देवळाच्या कळसापेक्षा उंच वाटतो.

वर्षे गेली. वर्ग वाढला, खोली मोठी मिळाली. एकदा ताईंना मोठमोठ्या डॉक्टरांच्या सभेला बोलावणे आले. देशोदेशीचे लोक येणार होते. मला तिथे दाखवले असते तर ताईंचे नाव झाले असते, कदाचित माझेही. खरे सांगतो, मनातून मला हावही सुटली होती. मोठा पडदा, भरलेले सभागृह! ताईंनी एकेकाला विचारले. मावशी म्हणाल्या, "आता उसवलेल्या बाहीची फॅशन आहे, दाखवा खुशाल!" काकांनी मान हलवली. मैना तेव्हा उंच झाली होती, कॉलेजात जात होती, भरपूर बोलत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितले.

"ना... ना... नाही."

ताईंनी का म्हणून विचारले नाही. "बरं," म्हणाल्या, आणि सभेला मला न घेताच गेल्या.

मित्रांनो, माझ्याइतका न बघितलेला व्हिडिओ क्वचितच असेल, आणि माझ्याइतका निर्धास्त झोपणाराही. चाहूल लागली की दचकतो, एवढेच. तुमच्याही फोनमध्ये माझे भाऊबंद आहेत. कुणाचे हसू आहे, कुणाचे रडू आहे, कुणाची फजिती आहे. त्यांना ओरडता येत नाही. म्हणून त्यांच्या वतीने मी हात जोडून मागतो. दारावरची पाटी एकदा वाचत जा. बोट टेकवण्याआधी, ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा. आणि तो सांगायला लागला की त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबा.